एआयच्या कमिटीत कोण आहे ते नंतर बघू, आधी ती बसते कधी ते सांगा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात हल्ली एआयच्या नियमांवर, नीतिमत्तेवर बरंच छापून येतंय, चांगली गोष्ट आहे, मी सगळं वाचतो. पण एक बघितलंय की जवळजवळ प्रत्येक लेख शेवटी एकाच जागी येऊन थांबतो, की हा विषय एकट्या इंजिनिअर लोकांचा नाही, यात वकील पाहिजेत, तत्त्वज्ञ पाहिजेत, समाजशास्त्रवाले पाहिजेत, मानसशास्त्रवाले पाहिजेत, सगळ्यांनी मिळून बसलं पाहिजे. बरोबर आहे हो, कोण नाही म्हणतंय. पण बसून करायचं काय आणि मुख्य म्हणजे बसायचं कधी, यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. सिस्टीम बनवून झाली, विकून झाली, लोकांवर चालवून झाली आणि मग नीतिमत्तेची कमिटी नेमली तर ते वरातीमागून घोडं. माझं म्हणणं असं की या वेगवेगळ्या शाखांच्या लोकांची खरी गरज अगदी पहिल्या दिवशी असते, म्हणजे मशीनने नक्की काय ओळखायचं हे ठरत असतं तेव्हा, आणि त्यांच्या हातात काम थांबवायचा अधिकार नसेल तर त्यांना बोलावूच नका, उगाच मीटिंगचा खर्च.

मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय, त्यामुळे माझी उदाहरणं आकड्यांकडे झुकलेली असणार, चालवून घ्या.

पहिलं उदाहरण अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं. तिथे ज्यांचे आजार गुंतागुंतीचे आहेत अशा पेशंटना जादा देखभाल देणारे कार्यक्रम असतात, वेगळी नर्स, जास्त वेळ, लवकर अपॉइंटमेंट वगैरे. आता हे सगळ्यांना देता येत नाही म्हणून कुणाला द्यायचं ते अल्गोरिदम, म्हणजे आकड्यांवरून हिशेब करणारा प्रोग्रॅम, ठरवायचा. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सेंधिल मुल्लईनाथन वगैरे मंडळींनी असा एक अल्गोरिदम उघडून दाखवला. त्याला पेशंटचा वंश सांगितलेलाच नव्हता, तो कॉलमच नव्हता, म्हणजे वरवर बघितलं तर एकदम निष्पक्ष. पण एकच स्कोअर मिळालेले काळे आणि गोरे पेशंट शेजारी ठेवून बघितले तर काळे पेशंट जास्त आजारी निघाले. का? तर ज्यांनी तो बनवला त्यांना 'कोण जास्त आजारी आहे' हे ओळखायचं होतं पण त्यांच्याकडे आजारपणाचा कॉलम नव्हता, इन्शुरन्सची बिलं होती, म्हणून त्यांनी मशीनला 'पुढच्या वर्षी कुणावर जास्त खर्च होईल' हे ओळखायला लावलं. आणि तेवढंच आजारपण असताना काळ्या पेशंटवर वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता, कारण उपचारापर्यंत पोचताच येत नाही, डॉक्टरवर विश्वास नाही, अशी सगळी जुनी दुखणी. मशीन काय करणार बिचारं, त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. संशोधकांनी हिशेब मांडला की ही तफावत काढली तर जादा देखभालीत काळ्या पेशंटचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. मग ती बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून त्यांनी टार्गेट, म्हणजे मशीनने ओळखायची गोष्ट, बदलून बघितलं, खर्चाच्या जोडीला तब्येतीचा अंदाज घेतला, तर पक्षपात सुमारे ८४ टक्क्यांनी कमी झाला.

आता यात मला महत्त्वाचं काय वाटतं सांगतो. कोडमध्ये बग नव्हता. डेटा खोटा नव्हता. कुणाच्या मनात काळंबेरं होतं असंही नाही. 'आजारपणाच्या जागी खर्च धरू' हा एका ओळीचा निर्णय होता, ज्याने घेतला त्याला तो टेक्निकल वाटला असणार, हाताशी जो कॉलम आहे तो वापरला, आम्हीही वर्गात हेच शिकवतो. पण खरं तर तिथेच सगळी नीतिमत्ता ठरून गेली. त्या क्षणाला शेजारी एखादी नर्स किंवा सार्वजनिक आरोग्यात काम केलेला माणूस बसलेला असता तर त्याने दोन मिनिटात विचारलं असतं, की अहो जो दवाखान्यात येऊच शकत नाही त्याचं बिल कसं होणार? त्याला मशीन लर्निंग यायची गरज नव्हती. आणि पकडणारे कोण होते तेही बघा, ओबरमायर डॉक्टर, मुल्लईनाथन अर्थशास्त्री. एकट्या डॉक्टरला कदाचित मॉडेल उघडता आलं नसतं आणि एकट्या अर्थशास्त्र्याला कुठला आजार किती गंभीर ते मोजता आलं नसतं. पण हे सगळं मशीन चालू झाल्यावर.

दुसरं उदाहरण थोडं अवघड आहे पण ते घेतल्याशिवाय चालणार नाही, कारण इथे आमच्यासारख्या आकडेवाल्यांची मर्यादा उघडी पडते आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचीही. अमेरिकेतच कोर्टांमध्ये कॉम्पास नावाचा स्कोअर वापरतात, आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या संस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचे रेकॉर्ड काढून दाखवलं की ज्यांनी पुढे दोन वर्षांत काहीच केलं नाही अशा काळ्या लोकांपैकी ४४.९ टक्क्यांना मशीनने आधी धोकादायक म्हटलं होतं आणि गोऱ्यांमध्ये हाच आकडा २३.५ टक्के. सरळ सरळ अन्याय. त्यावर तो स्कोअर बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं की तुम्ही उलटीकडून बघताय, आम्ही ज्यांना धोकादायक म्हटलं त्यातल्या किती जणांनी खरंच पुन्हा गुन्हा केला ते बघा, ते प्रमाण काळ्या-गोऱ्यांमध्ये जवळजवळ सारखं आहे, मग पक्षपात कुठे? गंमत म्हणजे दोघांचेही आकडे बरोबर. नंतर गणितवाल्यांनी, क्लाइनबर्ग आणि मंडळींनी आणि वेगळ्या वाटेने अलेक्झांड्रा शुल्डेकोव्हा यांनी, सिद्धच करून दाखवलं की दोन गटांमध्ये मुळातला दर, म्हणजे पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण, वेगळा असेल आणि मशीनचा अंदाज शंभर टक्के अचूक नसेल तर या दोन्ही प्रकारचा न्याय एकाच वेळी मिळूच शकत नाही. कितीही हुशार इंजिनिअर आणा, कितीही डेटा आणा, जमणार नाही.

मग निवडायचं कोणतं? गणित इथे हात वर करतं. निर्दोष माणसाला चुकून आत ठेवणं जास्त वाईट की धोकादायक माणसाला चुकून सोडणं जास्त वाईट, हे समीकरणातून येत नाही, ते कायद्याचं आणि न्यायाच्या विचाराचं काम आहे, आणि त्यावर शेकडो वर्षं डोकं लावलेली माणसं आहेत. पण मी अशा चर्चा ऐकल्यात जिथे नीतिशास्त्रवाले छान बोलतात आणि शेवटी म्हणतात की मशीन सर्व अर्थांनी निष्पक्ष असलं पाहिजे. अहो, सर्व अर्थांनी होत नाही हेच तर सिद्ध झालंय! ते दोन पानांचं गणित समजून घ्यायची तयारी नसेल तर तुमच्या सल्ल्याचा इंजिनिअरला काही उपयोग नाही, तो मान डोलावेल आणि त्याला पाहिजे ते करेल. आणि आमच्या लोकांनाही तेवढंच ऐकवायला पाहिजे, ज्यांना 'पुन्हा गुन्हा केला' हा कॉलम दिसला की तो खरा वाटतो. गुन्हेगारीचा अभ्यास करणारा माणूस तुम्हाला पहिल्या वाक्यात सांगेल की तुम्ही गुन्हा मोजलेलाच नाही, तुम्ही पोलिसांच्या रेकॉर्डवर पुन्हा नाव आलं का ते मोजलंय, आणि ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथे नावं जास्त येतात. म्हणजे ज्या मुळातल्या दरावर आम्ही एवढं सुंदर प्रमेय बांधलं तो दरच वाकडा असू शकतो. तीन शाखा, तिघांना एकेकट्याने बोलू दिलं तर तिघांचंही अर्धवट. नुसती भरती करून भागत नाही, एकमेकांच्या कामात नाक खुपसायची मुभा पाहिजे, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

इंग्लंडमधला २०२० चा प्रकार आठवत असेल तुम्हाला, कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत म्हणून ए लेव्हलचे, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचे, ग्रेड अल्गोरिदमने ठरवले. शिक्षकांनी मुलांचा क्रम लावून दिला, शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल घेतले आणि त्यात मुलांना बसवलं. जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आले. पूर्ण देशाच्या पातळीवर बघितलं तर निकालाचं वाटप झकास होतं, ग्रेड फुगले नाहीत, जे साध्य करायचं होतं ते साध्य झालं. पण ज्या शाळेत आधी कुणाला वरचा ग्रेड मिळाला नव्हता तिथल्या हुशार मुलीने काय करायचं? आणि जिथे वर्गात मुलं अगदी कमी तिथे संख्याशास्त्र चालत नाही म्हणून शिक्षकांचा अंदाजच धरला, मग याचा फायदा लहान वर्गांच्या खासगी शाळांना जास्त झाला. मुलं रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सगळं मागे घेतलं. समूहासाठी बरोबर असलेली गोष्ट एकेका माणसासाठी न्याय्य असेलच असं नाही, हे न्यायाचा विचार करणारा कुठलाही विद्यार्थी सांगू शकला असता. आणि एक गोष्ट मला अजून टोचते. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने आधीच मदतीला माणसं देऊ केली होती, पण त्यांनी पाच वर्षं गुप्ततेचा करार सही करावा अशी अट परीक्षा नियामकाकडून आली, ते नाही म्हणाले आणि विषय तिथेच संपला. म्हणजे बाहेरचा माणूस दारात उभा होता.

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की ठीक आहे, मग पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बसवा, झालं. नाही झालं. माणूस खोलीत असून उपयोग नाही याचीही उदाहरणं आहेत आणि ती जास्त भयंकर आहेत.

ऑस्ट्रेलियात रोबोडेट म्हणून योजना होती, सरकारी मदत घेणाऱ्यांकडून जादा गेलेले पैसे वसूल करायची. यात एआय वगैरे काही नव्हतं हो, साधा भागाकार होता. टॅक्स खात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, २६ पंधरवड्यांनी भागायचं आणि त्याने दर पंधरवड्याला जे उत्पन्न सांगितलं होतं त्याच्याशी ताडून बघायचं, फरक दिसला की कर्ज. आता जो माणूस सहा महिने काम करतो आणि सहा महिने बेकार असतो त्याला बेकारीच्या महिन्यांत मदत मिळाली हे नियमाप्रमाणेच आहे, पण सरासरी काढली की तो बारा महिने अर्धा पगार घेत होता असं दिसतं. सरासरीचा हा दोष आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. वरून सिद्ध करायची जबाबदारी माणसावर, काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा तूच शोधून आण. चार लाखांहून जास्त लोकांवर अशी बेकायदा कर्जं लावली गेली. २०२३ मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा, रिपोर्ट आला, त्यात जे बाहेर आलं ते असं की २०१४ मध्येच, म्हणजे योजना सुरू व्हायच्या आधी, सरकारच्याच वकिलांनी लेखी सांगितलं होतं की सध्याच्या कायद्यात हे बसत नाही. वकील होता. वेळेवर होता. त्याने बरोबर सांगितलं. आणि कागद फाइलमध्ये गेला.

नेदरलँड्समध्येही तेच. मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या अनुदानात फसवणूक शोधायला टॅक्स खात्याने रिस्कचा स्कोअर वापरला, त्यात नागरिकत्व डच आहे की नाही हासुद्धा एक मुद्दा होता. हजारो आईबापांना फसवे ठरवलं, छोट्याशा चुकीसाठी पूर्ण रक्कम परत मागितली, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथलं अख्खं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेलं. खात्यातल्याच एका कायद्याच्या अधिकाऱ्याने २०१७ मध्ये टिपण लिहून सांगितलं होतं की आपण चुकीचं वागतोय, लोकांना भरपाई द्या. ते टिपणही तसंच पडून राहिलं. आणि कायदेवाले सगळे संत होते असंही समजू नका, एखादा कागद कमी असला तरी पूर्ण रक्कम परत घ्यायची हा अर्थ तिथल्या वरच्या प्रशासकीय कोर्टाने वर्षानुवर्षं उचलून धरला होता, नंतर आपलं चुकलं असं त्यांनी स्वतःच मान्य केलं.

म्हणून मी म्हणतो की कमिटीत किती शाखांचे लोक आहेत हे मोजण्यात अर्थ नाही. त्यांनी नाही म्हटलं तर काय होतं ते विचारा. काहीच होत नसेल तर ती कमिटी नाही, सजावट आहे. गूगलने मार्च २०१९ मध्ये एआयच्या नीतिमत्तेसाठी बाहेरच्या तज्ञांची समिती जाहीर केली होती, सदस्यांवरून वाद झाला आणि दहा दिवसही न टिकता ती गुंडाळली. तेरड्याचा रंग तीन दिवस. आणि टिकली असती तरी वर्षातून काही वेळा भेटून सल्ला देण्यापलीकडे तिच्या हातात काय होतं?

मानसशास्त्राबद्दल थोडं लिहितो कारण नियम करणाऱ्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य आहे, की अंतिम निर्णय माणूसच घेईल. ऐकायला फार बरं वाटतं. पण माणूस तिथे नक्की कसा बसलेला असतो? १९८३ मध्येच लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की काम जितकं जास्त मशीनवर टाकाल तितकं माणसाकडे उरतं ते नुसतं बघत बसायचं काम, आणि बघत बसण्यात माणूस अत्यंत वाईट आहे, वर हाताची सवय गेलेली आणि अडचण येते ती नेमकी सगळ्यात अवघड प्रसंगी. तेव्हा कारखाने आणि विमानं होती डोळ्यासमोर. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या टेस्ट गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं, ती गेली. चौकशीत निघालं की सिस्टीमला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण तिला कधी गाडी, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू म्हणत राहिली आणि दर वेळी नाव बदललं की आधीची हालचाल विसरून पहिल्यापासून सुरुवात. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो हे डिझाइनमध्ये धरलेलंच नव्हतं! गाडीत लक्ष ठेवायला एक बाई बसवलेली होती, ती मोबाइलकडे बघत होती. गुन्हा कुणावर? तिच्यावर. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. तिची चूक होतीच, मी नाही म्हणत नाही, पण तासन् तास काहीच न करता नुसतं समोर बघत बसायला लावलं तर माणसाचं लक्ष उडणार हे पस्तीस वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं. माणूस ठेवला तो लक्ष ठेवायला की खापर फोडायला, हा प्रश्न मानसशास्त्रवाला आणि कायदेवाला दोघांनी मिळून विचारल्याशिवाय पुढे येतच नाही. युरोपच्या एआय कायद्यात माणसाच्या देखरेखीचं जे कलम आहे त्यात मशीनवर आंधळा विश्वास ठेवायच्या प्रवृत्तीचा निदान उल्लेख तरी केलाय, तेवढं मला आवडलं.

त्या कायद्याबद्दल तुमच्याकडे बरंच छापून आलंय, १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला, टप्प्याटप्प्याने येतोय, दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत. सगळे दंडावर लिहितात. मला त्यातलं दुसरंच एक कलम जास्त कामाचं वाटतं, ज्यात सरकारी संस्थांना आणि काही खासगी वापरणाऱ्यांना जास्त जोखमीची सिस्टीम वापरायच्या आधी तिचा माणसांच्या मूलभूत हक्कांवर काय परिणाम होईल ते लिहून काढावं लागतं. आधी. हा एक शब्द मला बाकीच्या पानांपेक्षा मोलाचा वाटतो. तत्त्वांची कमतरता जगात कधीच नव्हती, युनेस्कोच्या शिफारशी नोव्हेंबर २०२१ मध्ये १९३ देशांनी स्वीकारल्या, त्यात सगळं चांगलंचुंगलं आहे, पण त्या वाचून एखादं मशीन थांबलं असं काही माझ्या वाचनात नाही.

थांबवण्याचा अधिकार म्हणजे काय हे नव्याने शोधायची गरज नाही, वैद्यकीय संशोधनाने ते पन्नास वर्षांपूर्वी केलंय आणि फार मोठी किंमत मोजून केलंय. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टर काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत बसले होते, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. ते उघड झाल्यावर १९७४ मध्ये कायदा आला आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या माणसांवरच्या संशोधनाला आधी समितीची मंजुरी सक्तीची झाली. या समित्यांची रचना बघण्यासारखी आहे, किमान पाच माणसं, त्यात एक तरी विज्ञानाबाहेरची आणि एक तरी त्या संस्थेशी काही संबंध नसलेली. आणि समिती नाही म्हणाली की नाही, संस्थेच्या प्रमुखालाही ते फिरवता येत नाही. मी याला आदर्श म्हणत नाही, तिथेही फॉर्म भरण्याचा कारखाना झालाय अशी ओरड संशोधकच करतात आणि त्यात तथ्य आहे. पण संशोधन करणारा डॉक्टर आज 'आधी करून बघतो, मग विचारतो' असं म्हणू शकत नाही. सॉफ्टवेअरवाले मात्र बिनधास्त म्हणतात.

विमान क्षेत्राचंही एक आहे. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक आणि बाकी कर्मचारी थोडक्यात टळलेल्या चुका एका ठिकाणी कळवतात, नाव गुप्त राहतं, आणि तो रिपोर्ट विमान नियामकाकडे जात नाही, नासाकडे जातो, कारण शिक्षा करणाऱ्यालाच चूक सांगायला कोण जाईल. एआयमध्ये असं काही मोठ्या प्रमाणात उभं राहिलं तर बनवणारे इंजिनिअरच सगळ्यात आधी बोलतील, त्यांना बऱ्याच गोष्टी माहीत असतात.

आक्षेप मला ठाऊक आहे, की अशाने काम रखडेल. रखडू दे ना थोडं. प्रत्येक ठिकाणी हे करा असं मी म्हणतच नाही, स्पॅम मेल बाजूला काढणाऱ्या प्रोग्रॅमला तत्त्वज्ञ नको. पण ज्या मशीनमुळे कुणाची मदत बंद होणार, कुणाला जामीन नाकारला जाणार, कुणाचा ग्रेड खाली येणार, तिथे घाई नेमकी कुणाला आहे ते तपासा, ज्याच्यावर मशीन चालणार आहे त्याला तर नक्कीच नसते. आणि त्या माणसाला खोलीत कुणी बोलावत नाही हे वेगळंच. पाळणाघराचं अनुदान घेणाऱ्या आईला, हंगामी कामगाराला, ए लेव्हलच्या मुलीला जे माहीत होतं ते कुठल्याच प्राध्यापकाच्या डोक्यात नव्हतं. एवढंच कशाला, एआयला काय घाण आणि काय नाही हे शिकवायला जी माणसं बसवतात त्यांचं तरी कोण विचारतं, केनियामध्ये तासाला २ डॉलरपेक्षा कमी पैशात लोक दिवसभर हिंसेचे आणि अत्याचाराचे मजकूर वाचून त्यावर लेबल लावत होते हे २०२३ मध्ये टाइम या नियतकालिकाने छापलं तेव्हा कुठे जगाला कळलं. श्रमाचा अभ्यास करणारी शाखा एआयच्या समित्यांमध्ये मला तरी फारशी दिसत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणी. तुमचे बातमीदार नवीन एआय सिस्टीमची बातमी करतात तेव्हा ती किती टक्के अचूक आहे ते छापतात, तो आकडा कंपनीच देते. पुढच्या वेळी त्यांना विचारायला सांगा की मशीन नक्की कुठला कॉलम ओळखतंय, तो कॉलम कुणी निवडला, निवडताना खोलीत इंजिनिअर सोडून दुसरं कोण होतं आणि त्याने विरोध केला असता तर पुढे काय झालं असतं. शिवाय ज्याच्याबाबत मशीन चुकेल त्याने कुठे जायचं, आणि तिथे चूक सिद्ध कुणी करायची, त्याने की त्यांनी. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापा, तीसुद्धा बातमीच आहे.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर विमानाचा भाग खुशाल कापा, कोर्टाच्या स्कोअरचं गणितही आखडतं घेतलं तरी चालेल, पण सरकारी वकिलांनी २०१४ मध्ये आणि त्या अधिकाऱ्याने २०१७ मध्ये जे लिहून दिलं होतं तो भाग तेवढा राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक)